पोस्टमनचा विमा, चौसष्टाव्या वर्षाची रेघ आणि एक संशोधन-प्रश्न

नेट-सेट झाली, पीएचडीला अर्जही केला, पण "प्रश्न कुठून आणायचा?" इथे गाडी अडते. बऱ्याच जणांचे असे मेसेज येतात. माझं साधं उत्तर आहे: सरकारी नियमपुस्तिका वाचा. त्यातही "हा नियम पुढील व्यक्तींना लागू नाही" अशी ओळ जिथे असेल तिथे थांबा. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ. उदाहरण अमेरिकेतलं आहे, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी नियम समजून घेऊ

अमेरिकेतले टपाल कर्मचारी आणि निवृत्त टपाल कर्मचारी १९६० पासून इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसोबत एकाच आरोग्य विमा योजनेत होते. तिला एफईएचबी म्हणतात. ६ एप्रिल २०२२ रोजी टपाल सुधारणा कायदा झाला आणि टपालवाल्यांसाठी पीएसएचबी नावाची वेगळी योजना ठरली. ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली.

वेगळी चूल का मांडली? त्याची मुळं २००६ च्या कायद्यात आहेत. निवृत्तांच्या आरोग्य खर्चासाठी टपाल खात्याने आगाऊ निधी साठवावा, दरवर्षी साधारण साडेपाच अब्ज डॉलर, असं त्या कायद्याने सांगितलं होतं. पत्रांचा धंदा घसरत होता, त्यात हे ओझं पेलवेना. २०१२ पासून खात्याने हे हप्ते थकवले. २०२२ च्या कायद्याने ही अट काढली आणि थकलेले सुमारे ५७ अब्ज डॉलर माफ केले. त्याबरोबर एक अट आली: पुढच्या निवृत्तांनी ६५ व्या वर्षी मेडिकेअरचा भाग 'बी' घ्यायचा. म्हणजे त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा आधी मेडिकेअर उचलेल आणि उरलेला टपाल योजना बघेल.

मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना. भाग 'ए' मध्ये रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च येतो, आणि पुरेशी वर्षं नोकरी केलेल्यांना त्याला हप्ता नसतो. भाग 'बी' मध्ये डॉक्टरची फी, तपासण्या वगैरे येतात. त्याला हप्ता असतो. २०२५ मध्ये तो महिन्याला १८५ डॉलर होता, उत्पन्न जास्त असेल तर त्याहून अधिक.

नोंदणीआधी काय बघायचं?

योजना बदलायची खिडकी दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण चार आठवडे उघडी असते. त्याआधी टपालातल्या माणसाने चार गोष्टी कागदावर मांडायला हव्यात.

पहिली, दोन तारखा: जन्माची आणि निवृत्तीची. १ जानेवारी २०२५ किंवा त्याआधी निवृत्त झालेल्या आणि तेव्हा 'बी' नसलेल्या माणसाला 'बी'ची सक्ती नाही. त्या दिवशी नोकरीत होता पण वय ६४ किंवा जास्त होतं, तरी सक्ती नाही. परदेशात राहणारे, माजी सैनिकांच्या आरोग्य सेवेत नाव असलेले आणि मूळ रहिवाशांच्या आरोग्य सेवेला पात्र असलेले यांनाही सूट आहे. बाकीच्यांनी निवृत्तीनंतर 'बी' घेतला नाही तर टपाल योजनाच हातची जाते. मात्र नोकरी चालू असेपर्यंत 'बी' घ्यावा लागत नाही.

दुसरी, उशिराचा दंड. वेळेत 'बी' घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि हा दंड 'बी' असेपर्यंत सुटत नाही. तीन वर्षं उशीर म्हणजे ३० टक्के. २०२५ च्या दराने महिन्याला ५५.५० डॉलर जास्त. पेन्शनवर जगणाऱ्याला ही रक्कम चांगलीच जाणवते.

तिसरी, औषधांचा भाग. मेडिकेअर असलेल्या सदस्यांना टपाल योजनेतली औषधं मेडिकेअरच्या भाग 'डी' मधून मिळतात. "हे काय नवीन? नको," म्हणून कोणी त्यातून बाहेर पडलं, तर टपाल योजनेतलं औषधांचं संरक्षण जातं, हप्ता मात्र तेवढाच राहतो.

चौथी, पाच वर्षांची अट. निवृत्तीनंतर विमा पुढे चालू ठेवायचा तर निवृत्तीच्या लगेच आधीची पाच वर्षं माणूस योजनेत असावा लागतो. जोडीदाराच्या विम्यावर भागतंय म्हणून स्वतःचा सोडून दिला, तर निवृत्तीच्या वेळी अडचण येऊ शकते.

संशोधन काय सांगतं?

आता आपल्या कामाचा भाग. २०२४ च्या शेवटी ज्यांनी स्वतः काहीच निवडलं नाही, त्यांना आपोआप नव्या योजनेत टाकलं गेलं, शक्यतो जुन्या विम्याशी जुळणाऱ्या पर्यायात. यावरून मी गाईड मॅडमना उत्साहाने सांगितलं, "जे आपोआप गेले ते सगळे आळशी. इनर्शिया मोजायला आयता डेटा!" त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्यांनी माहितीपत्रक वाचून, हिशोब करून, आहे तेच बरं असं ठरवलं नसेल कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा प्रश्न जुनाच आहे. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउजर यांनी १९८८ मध्ये 'आहे तेच चालू ठेवण्याचा कल' यावर गाजलेला लेख लिहिला. हार्वर्डच्या कर्मचाऱ्यांचे विमा-निर्णय त्यांनी तपासले, तेव्हा नव्याने आलेले लोक नवे पर्याय जास्त घेत होते आणि जुने लोक जुन्यालाच धरून होते. दोघांसमोर पर्याय तेच होते. म्हणून ही तुलना उपयोगी: नवा माणूस कोऱ्या पाटीवर निवडतो, जुन्याच्या पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं असतं.

बेंजामिन हँडलने २०१३ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. त्याने अशी कंपनी घेतली जिथे एका वर्षी सगळ्यांना नव्याने निवड करणं भाग होतं आणि पुढच्या वर्षांत काही न केल्यास जुनंच चालू राहायचं. दरम्यान हप्ते बरेच बदलले, तरी लोक हलले नाहीत. त्याच्या अंदाजानुसार या जडत्वाची किंमत माणशी सरासरी २,०३२ डॉलर होती.

मग जागरूक होऊन निवडलं की प्रश्न सुटतो? तसंही नाही. सौरभ भार्गव, जॉर्ज लोवेनस्टीन आणि जस्टिन सिडनर यांचा २०१७ चा लेख बघा. एका मोठ्या कंपनीतल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी असे पर्याय निवडले जे कुठल्याही परिस्थितीत तोट्याचेच होते. डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. ती ५०० डॉलरने कमी करायला लोक वर्षाला ५०० डॉलरहून जास्त हप्ता भरत होते! वर्षभर आजारी पडा किंवा पडू नका, नुकसान ठरलेलंच. आणि कमी पगाराचे लोक या खड्ड्यात जास्त पडले. म्हणूनच नोंदणीच्या वेळी हप्ता आणि खिशातला खर्च या दोन्हींची बेरीज करायची, नुसतं "डिडक्टिबल कमी आहे ना" यावर जायचं नाही.

आता ती ६४ ची रेघ

परत नियमाकडे या. १ जानेवारी २०२५ ला वय ६४ म्हणजे जन्म १ जानेवारी १९६१ किंवा त्याआधीचा. डिसेंबर १९६० मध्ये जन्मलेला आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये जन्मलेला, दोघे एकाच पोस्टात शेजारी बसून टपाल वर्गीकरण करत असतील. पगार, तब्येत, सवयी सरासरीने सारख्याच. पण एकाला 'बी'ची सक्ती नाही, दुसऱ्याला आहे. कोणी ठरवून या रेघेच्या पलीकडे जन्माला आलेलं नाही. अशा रेघेच्या दोन्ही बाजूंची तुलना करण्याला 'रिग्रेशन डिस्कन्टिन्युइटी' म्हणतात. सक्तीमुळे डॉक्टरकडे जाणं वाढतं का, घरखर्चावर ताण येतो का, हे त्यातून विचारता येतं.

पण सावधान, इथे एक खाच आहे. जन्मतारीख बदलता येत नाही, निवृत्तीची तारीख बदलता येते. फेब्रुवारी १९६१ वाला सक्ती टाळायला डिसेंबर २०२४ मध्येच निवृत्त झाला तर? मग १ जानेवारी २०२५ ला नोकरीत असलेलेच लोक अभ्यासाला घेतले, तर रेघेच्या एका बाजूने काही माणसं आधीच निसटलेली असतील. तुलना बिघडेल. उपाय असा: कायदा झाला त्या दिवशी, म्हणजे ६ एप्रिल २०२२ ला नोकरीत असलेले सगळे घ्यायचे, पुढे त्यांनी काहीही केलं असलं तरी. आणि लवकर निवृत्ती हा परिणाम म्हणून वेगळा मोजायचा. कदाचित खरा शोधनिबंध तिथेच असेल, कारण विम्याच्या एका अटीने माणसाने वर्षभराचा पगार सोडला का, हा प्रश्न छोटा नाही.

मॅडमच्या त्या एका प्रश्नाने माझं प्रपोजल तीन महिने मागे गेलं. पण आता मला माहीत आहे की मी कोणाची तुलना कोणाशी करतेय. आपोआप योजनेत गेलेल्यांना आळशी म्हणायची घाईही आता होत नाही. त्यांच्यातला एखादा चष्मा लावून रात्रभर आकडेमोड करत बसला असेल, आणि डेटात तो "काहीच केलं नाही" असाच दिसेल.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विषयातला एक शासन निर्णय घ्या. त्यात सूट कोणाला आहे ते शोधा. ती रेघ माणसाला स्वतःहून ओलांडता येते का, हे एका वाक्यात लिहा. येत नसेल, तर प्रश्न सापडला. येत असेल, तर ती का ओलांडली जाते, हाही प्रश्नच आहे.