पुढच्या गावात दुरुस्त होईल असा शिफ्टर

गिअरची सायकल घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो "किती गिअरची?" हा. एकवीस, चोवीस, सत्तावीस; आकडा जितका मोठा तितकी सायकल भारी, असा आपला समज असतो. मग फ्रेम, रंग, टायरची जाडी आणि किंमत यांवर बोलणे होते. ज्या खटक्याने हे गिअर बदलायचे त्या शिफ्टरकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. तो सायकलीबरोबर आलेला असतो आणि मुकाट्याने घरी येतो. पुढे दर चढाला, दर सिग्नलला हात त्याच्याकडेच जातो आणि एखाद्या घाटात तो अडकला की उरलेले वीस गिअर असून नसल्यासारखे होतात. म्हणून सामान लादून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने किंवा रोज सायकलने कामावर जाणाऱ्याने शिफ्टर किती मऊ आणि किती झटपट चालतो हे नंतर पाहावे. तो बिघडेल तेव्हा आपण कुठे असू आणि तिथे काय करता येईल, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी शिफ्टर नेमके काय करतो ते समजून घ्यायला हवे. मागच्या चाकावर लहानमोठ्या दातेरी चकत्या असतात. त्यांच्याखाली लोंबणारा डिरेलर साखळीला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलतो. डिरेलरमधली स्प्रिंग त्याला एका बाजूला खेचत असते आणि केबल दुसऱ्या बाजूला. केबल किती ओढायची आणि तिथेच कशी धरून ठेवायची, एवढेच शिफ्टरचे काम. जुन्या सायकलींत हे काम घर्षणाने होई. लिव्हर हवी तेवढी फिरवायची, साखळी चकतीवर बसल्याचा आवाज ऐकायचा आणि हात काढायचा. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस संचात लिव्हरला ठरावीक टप्पे दिले. एक खटका, एक गिअर. कानाचे आणि बोटांचे काम यंत्राने घेतले आणि नवशिक्यालाही गिअर बदलता येऊ लागले. ही सोय मोठी होती, यात वाद नाही. पण तिच्याबरोबर एक अट आली. शिफ्टर, डिरेलर आणि चकत्यांमधले अंतर या तिघांचा हिशेब तंतोतंत जुळलाच पाहिजे.

हा हिशेब किती बारीक आहे पाहा. आठ चकत्यांच्या संचात दोन चकत्यांमधले अंतर ४.८ मिलिमीटर असते, नऊच्या संचात सुमारे ४.३५ आणि दहाच्या संचात ३.९५. शिमानोच्या आठ गिअरच्या रचनेत एका खटक्याला केबल जेमतेम २.८ मिलिमीटर सरकते. केबलच्या नळीत चिखल गेला, केबल थोडी ताणली गेली किंवा डिरेलर ज्या पट्टीला टांगलेला असतो तो हँगर किंचित वाकला, की खटका एका जागी आणि साखळी दुसऱ्या जागी. मग दोन चकत्यांच्या मधे साखळी करकरत राहते. एसटीच्या टपावर किंवा बसच्या डिकीत सायकल टाकून नेणाऱ्याचा हँगर वाकायला एक धक्का पुरतो. घर्षणाच्या लिव्हरला याचे काहीच वाटत नाही. चकती एका मिलिमीटरने सरकली तर बोट लिव्हर तेवढीच जास्त सरकवते आणि आपण पुढे निघतो.

१९९० साली शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. दोनच वर्षांनी इटलीच्या कँपान्योलोने आपली तशीच लिव्हर काढली. शर्यतीसाठी हा बदल उत्तमच होता. चढावर उभे राहून पेडल मारताना, घोळक्यात इंच-इंच लढवताना, हँडलवरून हात न हलवता गिअर बदलणे म्हणजे उघड फायदा. आज ड्रॉप हँडलच्या, म्हणजे टोके खाली वळलेल्या हँडलच्या, बहुतेक सायकली याच लिव्हरसह येतात, त्यामुळे दुसरे काही असते हेच अनेकांना ठाऊक नसते. पण शर्यतीतल्या स्वारामागे सुट्या सायकली आणि मेकॅनिक घेऊन गाडी धावत असते. आपल्यामागे कुणी नसते. या लिव्हरच्या पोटात घड्याळासारखे बारीक दाते, खटके आणि स्प्रिंगा असतात. वर्षानुवर्षांत आतले वंगण घट्ट होते आणि खटका पकडेनासा होतो. डिग्रीझर मारून धुतल्यावर पुष्कळदा तो पुन्हा चालू लागतो, पण आतला भाग खरोखर मोडला तर सहसा सुटा भाग मिळत नाही, अख्खी लिव्हर बदलावी लागते. गिअर बिघडला म्हणून चांगला ब्रेकही टाकून द्यायचा. ज्या लिव्हरांत केबल आत शिरताच एकदम वळते, तिथे तिच्या तारा आतल्या आत एकेक करून तुटत जातात. बाहेरून काही दिसत नाही, फक्त गिअर जरा आळशी वाटू लागतो.

ड्रॉप हँडलवर दुसरा मार्ग बार-एंड शिफ्टरचा. हँडलच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या या छोट्या लिव्हर. आत मोजके भाग, बाहेर एक स्क्रू. पेडलपाशी असलेल्या पुढच्या चकत्यांची लिव्हर तर घर्षणावरच चालते. मागच्या लिव्हरला अनेक मॉडेलांत एक फिरकी असते. ती वळवली की खटके बंद आणि घर्षण सुरू. मला या साऱ्या विषयातली ही फिरकी सर्वांत मोलाची वाटते. रेवस ते रेडी हा कोकणचा किनारी रस्ता डोळ्यांपुढे आणा. खाडीपाशी उतरायचे, दाभोळसारख्या ठिकाणी फेरीबोटीतून पलीकडे जायचे आणि लगेच सड्यावर चढायचे, दिवसभर हेच. चढ फार लांब नसले तरी अंगावर येणारे, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी गिअर खाली आणावाच लागतो. अशा प्रवासात डिरेलर दगडावर आपटून मोडला तर तालुक्याच्या गावातल्या सायकल दुकानात अकरा गिअरचा महागडा डिरेलर मिळण्याची आशा कमीच. स्वस्त गिअर सायकलींचा साधा डिरेलर मिळू शकतो. टप्प्यांच्या शिफ्टरबरोबर त्याचा हिशेब जमेलच असे नाही. घर्षणावरची लिव्हर त्याला चालवून घेते.

गिअरच्या पल्ल्याचा प्रश्नही इथेच येतो. रोड सायकलवर पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे २८ दात्यांची मोठी असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या टिकवायच्या तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या वर ठेवावा लागतो. मागे पंधरा किलो सामान असताना खड्या चढावर हे बहुतेकांना झेपत नाही. पुढे ३० आणि मागे ३२ दाते घेतले तर तेच अंतर दोन मीटरवर येते आणि ताशी सात किलोमीटरने गुडघे सांभाळून चढता येते. म्हणजे घाटासाठी मागे मोठी चकती हवी, आणि ती बहुधा माउंटन सायकलच्या संचातून घ्यावी लागते. पण शिमानोच्या दहा गिअरच्या रोड शिफ्टरला दहाच गिअरचा माउंटन डिरेलर जुळत नाही. दोन्हींवर नाव एकाच कंपनीचे, आकडा एकच, तरी केबल ओढण्याचे प्रमाण वेगळे. रोड सायकलींच्याही दहा गिअरच्या जुन्या आणि नव्या टियाग्रा संचांत हाच फरक आहे. २०२३ साली आलेल्या क्यूज संचात कंपनीने नऊ, दहा आणि अकरा गिअरच्या मापांत मेळ घातला आहे. ते स्वागतार्ह आहे, पण आधी विकल्या गेलेल्या सायकलींना त्याचा उपयोग नाही.

बार-एंडविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप सुरक्षिततेचा आहे. बार-एंडसाठी हात ब्रेकवरून काढावा लागतो, आणि पुण्याच्या किंवा ठाण्याच्या रहदारीत रिक्षा कधी आडवी येईल, खड्डा कधी उघडेल सांगता येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच केवळ कामावर जाण्यासाठी सायकल घेणाऱ्याला ड्रॉप हँडलच लागते का, हे आधी विचारावे. सरळ हँडलवर अंगठ्याने आणि तर्जनीने चालणारा ट्रिगर शिफ्टर असला की बोटे ब्रेकजवळच राहतात, नजर रस्त्यावर राहते आणि खर्चही कमी. फक्त ब्रेक आणि शिफ्टर वेगवेगळ्या पकडीने बसवलेले आहेत ना, ते पाहावे. अनेक स्वस्त सायकलींत दोन्ही एकाच साच्यात असतात. तिथे पुन्हा तीच अडचण, एक मोडले की दोन्ही बदला. मूठ फिरवून गिअर बदलणारे शिफ्टर साधे आणि टिकाऊ असतात, पण पावसात ओल्या हाताने ते फिरवणे जड जाते.

दुसरा आक्षेप असा की ब्रेकसह गिअर असलेल्या लिव्हर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, मग एवढी भीती कशाला? खरे आहे. चाळीस तासांत सहाशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करणाऱ्यांना मी त्याच लिव्हर सुचवीन. रात्रभर जागलेल्या, थकलेल्या हातांना ती सोय हवीच असते, आणि बिघाड झालाच तर ब्रेव्हे सोडून घरी येता येते. फक्त वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, आतली केबल बदलावी. वाटेत ती तुटली तर साखळी सर्वांत लहान चकतीवर जाऊन बसते. तेव्हा डिरेलरवरचा मर्यादेचा स्क्रू आवळून ती दुसऱ्या-तिसऱ्या चकतीवर धरून ठेवता येते आणि गाव गाठता येते. पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघालेल्याला मात्र घरी परतायचे नसते, त्याला पुढे जायचे असते. त्याचा हिशेब वेगळा.

घर्षणाची लिव्हर जमत नाही, अशीही तक्रार असते. सात ते नऊ चकत्यांवर चार-आठ दिवसांत हात बसतो. दहा-अकरा चकत्यांवर अंतर इतके कमी होते की ती चुळबुळ करू लागते, हे मान्य करायला हवे. म्हणूनच प्रवासाच्या सायकलीला मागे आठ किंवा नऊ चकत्या पुरेत, असे मी म्हणतो. त्यांच्या साखळ्या जाड असतात, स्वस्त असतात आणि अधिक ठिकाणी मिळतात. शिमानोने २००९ मध्ये आणलेले विजेवरचे शिफ्टर या सगळ्याच्या पलीकडचे आहेत. मागे ओढायला केबल नाही, बटण दाबले की गिअर बदलतो. संधिवाताने बोटे दुखणाऱ्यासाठी ते खरोखर वरदान आहेत, त्याने पैशाची सोय असेल तर अवश्य घ्यावेत. पण वाटेत ते बंद पडले तर पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणालाच काही करता येत नाही.

सायकल विकत घेण्याआधी दुकानदाराला एक काम सांगावे. मागच्या गिअरची केबल काढून पुन्हा बसवून दाखवा, म्हणावे. बार-एंडमध्ये आणि साध्या ट्रिगर शिफ्टरमध्ये केबलच्या टोकाचा गोळा कुठे बसतो ते सहज दिसते. ब्रेकसह असलेल्या लिव्हरमध्ये तो आत खोल असतो, आणि केबल तुटून गोळा आतच राहिला तर तो कसा काढायचा, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. मग दुकानदाराच्या देखत तेच काम एकदा आपल्या हाताने करून पाहावे.