फॅक्स-दूरध्वनी स्विच, स्वयंचलित

दूरध्वनी केंद्राकडून येणाऱ्या एकाच तारजोडीवर दूरध्वनी व फॅक्स यंत्र ही दोन्ही चालविता यावीत म्हणून, आलेला कॉल संभाषणाचा की फॅक्सचा हे ओळखून तो योग्य उपकरणाकडे वळविणारी प्रयुक्ती. भारतात १९८०–९० या दशकात नव्या जोडणीसाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. अशा परिस्थितीत केवळ फॅक्ससाठी दुसरी तार मिळविणे लहान कचेऱ्यांना अवघडच होते.

घंटा वाजविण्यासाठी केंद्र सामान्यतः २० ते २५ हर्ट्‌झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती विद्युत् दाब पाठविते. तो दोन्ही प्रकारच्या कॉलसाठी सारखाच असल्याने घंटेवरून काहीच कळत नाही. पलीकडे कोण आहे हे ऐकावयाचे, तर आधी कॉल स्वीकारावा लागतो. म्हणून स्विच स्वतःच तो स्वीकारतो व तारेवर लक्ष ठेवतो. आपोआप क्रमांक लावणारे फॅक्स यंत्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या टी.३० या शिफारशीनुसार १,१०० हर्ट्‌झचा स्वर ०·५ सेकंद काढते, ३ सेकंद थांबते व हा क्रम चालू ठेवते. मानवी आवाजातही या कंप्रतेचे घटक असतात. त्यामुळे स्वराची शुद्धता व कालावधीही तपासावे लागतात. स्वर ओळखला गेला की तार फॅक्स यंत्रास जोडली जाते व ते २,१०० हर्ट्‌झच्या स्वराने उत्तर देते. स्वर न आढळल्यास दूरध्वनी वाजतो. केंद्राची घंटा तोवर थांबलेली असल्याने ही घंटा स्विचलाच आपल्या वीजपुरवठ्यावर वाजवावी लागते. कॉल करणाऱ्यासही घंटेचा कृत्रिम नाद ऐकविला जातो.

केंद्राच्या लेखी मात्र कॉल कधीच स्वीकारला गेलेला असतो. परिणामी घरी कोणी नसले, तरी कॉल करणाऱ्यास आकार पडतो. पद्धतीतील हा खरा दोष होय. तो सोसतो कॉल करणारा, स्विच विकत घेणारा नव्हे. हाताने चालविलेली काही जुनी यंत्रे हा स्वर काढीत नाहीत. अशा वेळी दूरध्वनी उचलणाऱ्यास केवळ शांतता ऐकू येते व ठराविक अंक दाबून त्याला कॉल फॅक्सकडे पाठवावा लागतो.

अमेरिकेत काही कंपन्यांनी एकाच तारेवर दोन क्रमांक देऊन प्रत्येकासाठी घंटेची लय निराळी ठेवण्याची सोय केली. लय ओळखणाऱ्या स्विचला कॉल स्वीकारण्याची गरज नसते, त्यामुळे वरील दोष टळतो. दुसऱ्या क्रमांकाचा आकार मात्र तारेच्या ग्राहकास भरावा लागतो.