एक संघ, तीन स्पर्धा

'हंगाम' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. तो फारसीतून मराठीत आला. उर्दूत 'हंगामा' म्हणजे गोंधळ, गलबला. मराठीत मात्र 'हंगाम' म्हणजे एखाद्या कामाचा ठरावीक काळ, म्हणजेच तुमचा 'मौसम'. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला दोन हंगाम ठाऊक असतात. सोयाबीन पावसाळ्यातल्या खरिपाचे पीक आणि हरभरा थंडीतल्या रब्बीचे. गंमत म्हणजे खरीप आणि रब्बी हे शब्दही अरबीतूनच आले आहेत.

खेळाडूंचाही हंगाम असतो. पावसाळा संपला की आपल्याकडे क्रिकेटचे सामने सुरू होतात आणि ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. या काळात राज्यांच्या संघांना एक नव्हे, तीन मोठ्या स्पर्धा खेळाव्या लागतात.

आपल्या राज्यातून तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नांदेड व लातूर हे जिल्हे महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येतात. लातूरच्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर आहे. तिथला वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगर्गेकर याच संघातून खेळला. पण नांदेडच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली, की यवतमाळ जिल्हा लागतो आणि संघ बदलतो. तिथून विदर्भाचा संघ सुरू होतो. या शेजारच्या संघाचा २०२४-२५ चा हंगाम आपण पाहू.

तीन स्पर्धांपैकी सय्यद मुश्ताक अली करंडकाचा सामना वीस षटकांचा असतो. तीन-चार तासांत निकाल लागतो. विजय हजारे करंडकात प्रत्येक संघाला पन्नास षटके मिळतात आणि सारा दिवस जातो. या दोन्हींत चेंडू पांढरा असतो. रणजी करंडक मात्र लाल चेंडूने खेळतात. साखळीतील सामना चार दिवसांचा, तर बाद फेरीतील पाच दिवसांचा असतो. प्रत्येक संघ दोनदा फलंदाजी करू शकतो.

रणजीचा एक नियम नीट समजून घ्या. साखळीत पूर्ण विजयाला ६ गुण मिळतात. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याला ३ गुण आणि दुसऱ्याला १. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघच पुढे जातो. ती आघाडी एका धावेची असली तरी चालते.

विदर्भाच्या मनात एक सल होता. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईने त्यांना १६९ धावांनी हरवले होते. जिंकायला ५३८ धावा हव्या होत्या. कर्णधार अक्षय वाडकरने शतक काढले, तरी डाव ३६८ वर संपला.

नव्या हंगामात रणजी स्पर्धा दोन भागांत विभागली होती, अगदी खरीप-रब्बीसारखी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच फेऱ्या झाल्या आणि स्पर्धा थांबली. लगेच वीस षटकांचे सामने सुरू झाले. ११ डिसेंबरला बंगळूरजवळ अलूर येथे विदर्भापुढे पुन्हा मुंबई आली. विदर्भाने २२१ धावा केल्या. एवढ्या धावा पुरेशा वाटतात ना? पण अजिंक्य रहाणेने ४५ चेंडूंत ८४ धावा काढल्या आणि मुंबई जिंकली. विदर्भाची पहिली संधी गेली.

मग आली पन्नास षटकांची स्पर्धा. तिच्यात करुण नायर या फलंदाजाने सर्वांना चकित केले. हा मूळचा कर्नाटकाचा. २०१६ मध्ये चेन्नईला त्याने इंग्लंडविरुद्ध भारताकडून नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. पुढे भारताच्या आणि कर्नाटकाच्याही संघातले त्याचे स्थान गेले. क्रिकेटने आपल्याला आणखी एक संधी द्यावी, असे त्याने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले. ती संधी २०२३ मध्ये विदर्भाने दिली. या स्पर्धेत त्याने पाच शतके ठोकली. अंतिम सामन्यापर्यंत त्याच्या ७५२ धावा झाल्या होत्या आणि तो एकदाच बाद झाला होता!

उपांत्य सामन्यात विदर्भाने महाराष्ट्रालाच ६९ धावांनी हरवले. ध्रुव शोरे आणि यश राठोड या सलामीच्या दोघांनी शतके केली. १८ जानेवारी २०२५ ला वडोदऱ्यात अंतिम सामना झाला. समोर कोण? नायरचा जुना संघ, कर्नाटक. त्या दिवशी नायर २७ धावांवर बाद झाला आणि विदर्भ ३६ धावांनी हरला.

पाचच दिवसांनी रणजीचा दुसरा भाग सुरू झाला. फटकेबाजीची सवय मोडायची, पांढरा चेंडू विसरायचा आणि पुन्हा तासन्‌तास उभे राहायचे. माझ्या मते हंगामातले सर्वांत अवघड काम हेच. विदर्भाला ते जमले. साखळीतील सातपैकी सहा सामने त्यांनी जिंकले.

उपांत्य फेरीत नागपूरला पुन्हा मुंबई! पहिल्या डावात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले. दुसऱ्या डावात राठोडने १५१ धावा काढल्या. मुंबई ८० धावांनी हरली. आधीच्या वर्षीचा सल गेला.

अंतिम सामन्यात केरळ होता. केरळ उपांत्यपूर्व फेरीत एका धावेच्या, तर उपांत्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर पुढे आला होता. नागपूरला विदर्भाचे तीन गडी २४ धावांत बाद झाले. तेव्हा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार नायरबरोबर उभा राहिला. ('दानिश' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको.) दोघांनी २१५ धावा जोडल्या. दानिशने १५३ धावा केल्या आणि विदर्भाचा डाव ३७९ वर संपला. केरळकडून आदित्य सरवटेने ७९ धावा काढल्या. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच सरवटेने विदर्भासाठी ११ बळी घेतले होते! केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर झेल देऊन परतला. शतक दोन धावांनी हुकले आणि केरळचा डाव ३४२ वर आटोपला. आघाडी ३७ धावांची.

मग विदर्भाने घाई केली नाही. दुसऱ्या डावात नायरने १३५ धावा केल्या. दोन्ही स्पर्धा मिळून हे त्याचे नववे शतक होते. २ मार्चला सामना अनिर्णित सुटला आणि २०१७-१८ व २०१८-१९ नंतर तिसऱ्यांदा रणजी करंडक विदर्भाकडे आला. त्या दोन वेळी कर्णधार फैज फझल होता आणि वसीम जाफर संघात होता. या वेळी उस्मान गनी प्रशिक्षक होते.

लांबच्या सामन्यात गोलंदाज किती मोलाचा असतो, ते हर्ष दुबेने दाखवले. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने रणजीच्या एका हंगामात ६९ बळी घेतले. आधीचा विक्रम ६८ चा होता.

पुढच्या हंगामात नायर कर्नाटकाकडे परत गेला. विदर्भाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला शेष भारत संघाला ९३ धावांनी हरवून इराणी करंडकही जिंकला.