गाडी कोणती, हे पार्किंग ठरवते

नवी गाडी घ्यायची ठरली की घराघरांत एकच वाद रंगतो: पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक? तिघांचे ॲव्हरेज, तिघांच्या किमती मांडल्या जातात आणि ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी जिंकते. या वादात दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळलेले असतात. ऊर्जेचा हिशेब यंत्रावर ठरतो आणि त्याचा निकाल बराचसा लागलेला आहे. पैशांचा हिशेब मात्र तुम्ही वर्षाला किती किलोमीटर फिरता आणि गाडी रात्री कुठे उभी राहते यावर ठरतो. महाराष्ट्रातल्या शहरांपुरते बोलायचे तर ही दुसरी गोष्ट गाडीच्या कंपनीपेक्षा, मॉडेलपेक्षा आणि सवलतींपेक्षाही जास्त निर्णायक आहे.

आधी यंत्राचे पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. शहरात 13 चे ॲव्हरेज देणारी ऑटोमॅटिक गाडी 100 किलोमीटरला जवळपास 70 युनिट ऊर्जा जाळते. त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. तेवढ्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी तेच अंतर मीटरवरच्या 15-16 युनिटांत कापते, कारण मोटर वाया फारसे घालवतच नाही. स्ट्रॉंग हायब्रिड या दोघींच्या मधली. तिचे इंजिन कमी ताकदीचे पण काटकसरी असते. सिग्नलला ते बंद पडते, सुटताना आणि गर्दीत रांगताना मोटर काम करते. म्हणूनच शहरात अशी गाडी 20-22 चे ॲव्हरेज देते. इथे एक सावधगिरी हवी. ‘हायब्रिड’ हे नाव माइल्ड हायब्रिडलाही लावले जाते. तिच्यात मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. त्यामुळे बचतही तेवढीच किरकोळ.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड या तंत्रांतला फरक बोरघाटात स्पष्ट दिसतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे 550 मीटर खाली येते. माणसांसह 1700 किलो वजन धरले तर त्या उंचीत अडीच युनिट ऊर्जा साठलेली असते. पेट्रोल गाडी ती ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या रोधात संपवते. इलेक्ट्रिक गाडीत हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाईल ते वगळून उरलेल्यातला मोठा भाग मोटरच जनित्र होऊन बॅटरीत परत भरते. हायब्रिडही तेच करते, पण ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्रॉंग हायब्रिडची बॅटरी असते 0.76 युनिटांची, आणि तीही पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. ती घाटाच्या मध्यावरच भरते आणि पुढची ऊर्जा वाया जाते. शहरातल्या दहा-वीस मीटरच्या थांब-चालीला ती बॅटरी पुरेशी आहे. सह्याद्री उतरायला नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: आपली वीज कोळशाचीच, मग धूर इथे सोडला काय आणि चंद्रपूरला सोडला काय? आक्षेप खरा आहे आणि तो आकड्यांनीच तोलायला हवा. देशातली सुमारे 70 ते 75 टक्के वीज कोळशातून येते. सगळे धरून एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. वाहून आणतानाची गळती मोजली तर इलेक्ट्रिक गाडीच्या 100 किलोमीटरमागे 12-13 किलो होतात. लिटरभर पेट्रोल जळताना 2.3 किलो सोडते; म्हणजे पेट्रोल गाडीचे जवळपास 18 आणि हायब्रिडचे 11. शुद्धीकरण कारखान्यातला खर्च वर मिळवला की हायब्रिड आणि इलेक्ट्रिक आज बरोबरीला येतात. इलेक्ट्रिक गाडीच्या समर्थकांनी ही बरोबरी लपवू नये. बॅटरी बनवतानाही काही टन कार्बन सुटतो आणि तो भरून निघायला पेट्रोल गाडीच्या तुलनेत 40-50 हजार किलोमीटर लागतात. पण गाडी पंधरा वर्षे चालते. हायब्रिडचा धूर पहिल्या दिवशी असतो तेवढाच शेवटच्या दिवशी राहतो. विजेचा धूर मात्र प्रत्येक नव्या सौर आणि पवन प्रकल्पाबरोबर घटतो, आणि तो घटवायला गाडी बदलावी लागत नाही. शिवाय शाळेबाहेर आणि सिग्नलवर लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटणारा धूर आजच थांबतो. मला हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचे वाटत नाही.

पैशांकडे वळू. पेट्रोल 104 रुपये धरले तर शहरात पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे 8 रुपये पडतात, हायब्रिडला 5. घरच्या विजेवर, युनिटला 11 रुपये धरून, इलेक्ट्रिक गाडीला पावणेदोन रुपयांहूनही कमी. याच आकड्यावर जाहिराती उभ्या असतात. पण तीच गाडी रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर 22 रुपये युनिटने भरली की खर्च दुप्पट, सव्वातीन रुपये. महामार्गावर वेगाने नेली तर 4 रुपयांपर्यंत. म्हणजे महामार्गावर हायब्रिडशी अंतर रुपयाभराचे उरते. पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी नोंदणीसह अडीच लाखांनी महाग मिळाली असे समजा. वर्षाला 12 हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि घरी चार्ज करणाऱ्याचे ते पैसे सव्वातीन वर्षांत वसूल होतात. 5 हजार फिरणाऱ्याला आठ वर्षे लागतात, आणि तोही बाहेरच चार्ज करत असेल तर दहाच्या पुढे. विम्याचा जादा हप्ता आणि रिसेलची धास्ती वेगळी. निवृत्तीनंतर महिन्यातून चार वेळा गाडी काढणाऱ्याने पैसे वाचतील म्हणून इलेक्ट्रिक घेऊ नये. हायब्रिडही घेऊ नये. त्याची साधी पेट्रोल गाडीच स्वस्त.

हायब्रिडच्या अडचणीत यंत्राचा दोष कमी, कराचा जास्त. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटी दरांत इलेक्ट्रिक गाडीवर 5 टक्के आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 40 टक्के कर आहे. करापूर्वी 10 लाखांच्या दोन गाड्या साडेदहा आणि चौदा लाखांना बाहेर पडतात. तिसऱ्या हिश्शाहून जास्त पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला तेवढ्याच मोठ्या, नुसत्या पेट्रोल गाडीच्या पंक्तीत बसवणे मला न्याय्य वाटत नाही. चार्जिंगची सोय नसलेल्या माणसासाठी आज तीच सर्वांत प्रामाणिक निवड आहे, आणि नेमकी तीच त्याला महाग पडते.

बॅटरी बदलायला लागली तर? ही भीती आता पूर्वीइतकी खरी नाही. बहुतेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी देतात, आणि जगभरात बॅटरीची सरासरी किंमत 2010 मधल्या युनिटमागे हजार डॉलरवरून 2024 मध्ये 115 डॉलरवर आली.

खरी अडचण मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतच्या केबलची आहे. मालकीचे पार्किंग नाही, असले तरी सोसायटीची परवानगी नाही, परवानगी मिळाली तर मंजूर भार वाढवायचा खर्च कोणी करायचा यावर सभा अडते. घरच्याच मीटरवर जोडले तर महिन्याचे 150 युनिट वाढतात. आधीच 250 वापरणारे घर 300 च्या वरच्या महागड्या टप्प्यात जाते. यावर स्वतंत्र मीटर हा उपाय आहे, कारण वाहन चार्जिंगला वेगळा दर लागतो. राज्याच्या 2021 च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत किमान 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज असावे असे म्हटले. 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर आणि अटल सेतूवर टोल माफ केला. टोलमाफीचा लाभ ज्याने गाडी घेतली आहे त्याला. डोंबिवलीतल्या किंवा पिंपरीतल्या वीस वर्षे जुन्या इमारतीतला माणूस तिथवर पोहोचतच नाही. टोलमाफीवर जाणारा पैसा जुन्या इमारतींच्या वायरिंगकडे वळवला पाहिजे आणि सोसायटीने नकार दिलाच तर त्याचे विद्युत-तांत्रिक कारण लेखी द्यावे असे बंधन हवे. त्यासाठी मोठे चार्जरही लागत नाहीत. रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला 6 युनिट पुरतात आणि 15 अँपिअरच्या साध्या पॉइंटवर ते दोन तासांत भरतात. रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत एका पॉइंटवर आळीपाळीने चार गाड्या चार्ज होऊ शकतात.