मनगटातली नस आणि १० चौरस मिलिमीटरचा घोळ

यावलला माझी मावशी रात्री दोन-अडीचला उठून हात झटकत बसते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळीला मात्र काही नाही. दोन म्हशींचं दूध ती रोज दोन वेळा हातानेच काढते. (म्हशींमुळेच झालं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. मधुमेह, थायरॉईड कमी असणं, गरोदरपण यातही हा त्रास जास्त दिसतो.) डॉक्टरांनी मनगटाची सोनोग्राफी सांगितली तेव्हा तिने मलाच विचारलं, "सोनोग्राफी पोटाची असते ना गं? हाताची कशी?"

प्रश्न अगदी योग्य आहे. आपल्या मनगटात एक बोगदा असतो, कार्पल टनेल. तळाला हाडांची कमान आणि वर जाड अस्थिबंधाची पट्टी. त्यातून बोटं वाकवणारे ९ टेंडन आणि एक मीडियन नर्व्ह जाते. नस म्हणजे इथे चेतातंतूंचा जुडगा, रक्तवाहिनी नव्हे. जागा तेवढीच आणि आतला दाब वाढला, की नस दबते आणि बोगद्याच्या तोंडाशी सुजते. एनसीव्ही तपासणीत छोटे विजेचे झटके देऊन या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात, म्हणजे तिचं काम. सोनोग्राफी तिचा आकार मोजते. दोन्ही एकच गोष्ट सांगतील असं नाही, हे इथेच लक्षात ठेवा.

आता पोट आणि हात. शरीरात ध्वनीचा वेग साधारण १५४० मीटर प्रति सेकंद धरतात. पोटासाठीच्या ३.५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.४४ मिमी येते, १५ मेगाहर्ट्झची ०.१ मिमी. काही मिलिमीटरची नस बघायला दुसरीच हवी. ती खोल जात नाही, पण नस कातडीखाली सेंटीमीटरभराच्या आतच आहे, त्यामुळे चालतं. आडव्या छेदात नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते आणि भोवती पांढरी कड. टेंडन चमकतात, पण प्रोब जरा तिरका केला की एकदम काळे पडतात. नस तेवढी बदलत नाही. ओळखायची ही सोपी युक्ती.

मोजायचं काय, तर पिसिफॉर्म हाडाच्या पातळीवर नसेच्या छेदाचं क्षेत्रफळ. कड पांढरी असते, तिच्या आतून रेष काढायची. मी इथेच तोंडावर पडले. मी भौतिकशास्त्राची, डॉक्टर नाही. गाईडकडे आलेल्या, नावं काढून टाकलेल्या २० प्रतिमांवर रेषा काढायचं काम मला दिलं होतं. आठवड्याने त्याच प्रतिमा पुन्हा मोजल्या तर आकडे जुळेनात. पहिल्या वेळी मी पांढरी कडही आत धरली होती.

फरक किती पडतो ते वहीत करून बघा. १० चौरस मिमीचं वर्तुळ घ्या, त्रिज्या १.७८ मिमी. रेष फक्त ०.२ मिमी बाहेर काढली की क्षेत्रफळ १२.३ होतं. आणि वेगवेगळ्या शोधनिबंधांत आजाराची सीमा म्हणून दिलेले आकडे ९ पासून १२ पर्यंत आहेत! म्हणजे सगळा वाद ज्या अंतरात चालतो, तेवढी चूक पेनच्या एका रेषेत मावते. त्यामुळे "१० च्या वर म्हणजे आजार" हे वाक्य तुमच्या प्रस्तावात लिहिण्याआधी, तो १० कोणी, कुठे, कडेच्या आतून की बाहेरून मोजला हे मूळ निबंधाच्या 'पद्धती' भागात जाऊन वाचा. सारांश वाचून हे कळत नाही.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. २०११ मध्ये फाउलर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून सोनोग्राफीची संवेदनशीलता ७७.६ टक्के आणि विशिष्टता ८६.८ टक्के काढली. वाईट नाही. पण 'खरा रुग्ण' ठरवला कशाने? काही अभ्यासांत एनसीव्हीने, काहींत लक्षणांवरून. आणि एनसीव्ही तरी कुठे अंतिम आहे? स्वीडनमध्ये आत्रोशी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली सामान्य लोकसंख्या तपासली, तेव्हा काहीही त्रास नसलेल्या १८ टक्के लोकांतही एनसीव्हीत मीडियन नर्व्हचा दोष सापडला. मुंग्या-बधिरपणा सांगणाऱ्यांत प्रत्यक्ष हा आजार पाचातल्या एकालाच असावा, असा त्यांचा अंदाज होता.

तोच आकडा घेऊन गावातल्या शिबिराची कल्पना करा. बोटं बधिर होतात म्हणणारे १०० जण आले, खरे रुग्ण २०. सोनोग्राफी त्यातले १५-१६ पकडेल, आणि उरलेल्या ८० निरोगींपैकी १०-११ जणांनाही रुग्ण ठरवेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' निघालेल्या पाचातले दोन चुकीचे. हेच यंत्र अशा दवाखान्यात, जिथे १०० पैकी ७० खरे रुग्ण येतात, तिथे ५४ खरे आणि चारच खोटे देईल. नस तीच, सीमा तीच. बदलली ती फक्त दारात आलेली माणसं.

शिबिर म्हटलं तर अजून एक गोष्ट, जी परदेशी निबंधात सापडणार नाही. छोटं यंत्र पिशवीत टाकून केळीच्या बागेत मजुरांची मनगटं तपासू, असं मला वाटलं होतं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. का केला ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. गर्भलिंग ओळखू शकेल असं यंत्र नोंदणीशिवाय वापरता येत नाही, आणि ते मनगटासाठी आणलंय म्हटल्याने सुटका नाही. २०१२ च्या नियमांनी तर हलवता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधनं आणली: नोंदणीकृत केंद्रात दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. माझा प्रस्ताव मग मी बदलला. आता मजुरांनाच नोंदणीकृत केंद्रात आणायचं, यंत्र डॉक्टर चालवणार आणि मी प्रतिमा मोजणार. नमुना त्यामुळे लहान होईल, आणि ज्यांची एक दिवसाची मजुरी बुडते ते येणार नाहीत, हा पक्षपात मला लिहून मान्य करावा लागेल.

मावशीचा आकडा? मनगटाशी १०. बरोबर सीमेवर! पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी कोपर-मनगटाच्या मध्येही तीच नस मोजली होती, तिथे ६. गुणोत्तर १.६७. हॉब्सन-वेब यांच्या २००८ च्या अभ्यासात सीमा १.४ होती. काहींची नस मुळातच जाड असते, काहींची बारीक. स्वतःच्याच हाताशी तुलना केली की तो प्रश्न बराच कमी होतो. डॉक्टरांनी लक्षणं, एनसीव्ही आणि हे गुणोत्तर तिन्ही पाहून निदान केलं. ती आता रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपते. सकाळचं दूध मावसभाऊ काढतो. संध्याकाळचं ती अजून कोणाला काढू देत नाही.