राणीचं पत्र, 32 वर्षांनी उत्तर
बॉस नवखा असला की ऑफिस खरं कोण चालवतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं! 1508मध्ये इथिओपियाच्या गादीवर लेब्ना डेंगेल बसला, तेव्हा तो जेमतेम 11-12 वर्षांचा. कारभार हाती घेतला एलेनी राणीने. ती हादियाच्या मुस्लिम राजघराण्यातली लेक, ख्रिश्चन दरबारात मुरलेली. शेजारच्या अदल सल्तनतीचा धोका ओळखून तिने 1509च्या सुमारास मॅथ्यू नावाच्या दूताहाती पोर्तुगालच्या राजाला मैत्रीचं पत्र धाडलं, तेही आपल्या गोव्यामार्गे! मोठा झालेल्या राजाने मात्र एक लढाई जिंकली आणि या दोस्तीकडे दुर्लक्ष केलं. 1529मध्ये तो अदलकडून सपाटून हरला. 400 पोर्तुगीज शिपाई आले थेट 1541मध्ये. 1543मध्ये राज्य वाचलं. ते पाहायला एलेनी नव्हती. आयडिया मात्र तिचीच होती.