पोटरी झोपेतही फुरफुरते? नसा अतिसक्रिय झाल्या असतील

पेठ तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत पोटरीत पेटके येणे नवीन नाही. विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी यांनी बहुतेकदा आराम पडतो. पण त्वचेखाली स्नायू सतत वळवळत असतील, झोपेतही ते थांबत नसेल, आवळलेली मूठ लवकर सुटत नसेल आणि घाम फार येत असेल, तर दोष नसांत असू शकतो.

संदेश गेल्यावर पोटॅशियमच्या वाहिन्या नसेला शांत करतात. आयझॅक्स सिंड्रोममध्ये (पहिले वर्णन 1961) अनेकदा शरीराचीच प्रतिपिंडे या वाहिन्यांशी जोडलेल्या कॅस्पर-2 प्रथिनावर हल्ला करतात. मग नस विनाकारण संदेश पाठवत राहते. पारायुक्त भस्मांमुळेही असे होऊ शकते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

निदान कसे होते? आधी रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थायरॉइड तपासतात. मग ईएमजी करतात. त्यात सुईने स्नायूतील विद्युतलहरी नोंदवतात. यासाठी नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे लागेल. प्रतिपिंडांची तपासणी आणि थायमस ग्रंथीची गाठ शोधण्यासाठी छातीचा सीटी स्कॅनही लागू शकतो.

कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनने बऱ्याच रुग्णांना आराम मिळतो. गोळीनंतर अंगावर पुरळ उठल्यास लगेच डॉक्टरांना कळवा. गरज पडल्यास स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदल करतात.

सोबत झोप उडाली, भास होऊ लागले, किंवा हातपाय बारीक व अशक्त होत असतील, तर थांबू नका.